टाकीवरचं नाव

मागच्या महिन्यात नांदेडच्या आयटीआय चौकात सिग्नलला एक मरून रंगाची गाडी शेजारी येऊन थांबली. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, टाकीवर चकाकणारं क्रोम, गोल हेडलाइट. मागे बसलेला मामेभाऊ म्हणाला, “दादा, बघ, कसली जुनी जावा आहे!”

“जुनी नाही रे. इंजिनसमोर जाळी दिसतेय ना, तो रेडिएटर आहे. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे. ही 2018 नंतरची जावा, मध्य प्रदेशात पीथमपूरला बनते. इंजिन 293 सीसीचं, फोर स्ट्रोक. जुनी होती 250 सीसीची, टू स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. तिला रेडिएटर कुठून असणार?”

त्याला वाटलं, मी एक्स्पर्ट आहे. दोन वर्षांपूर्वी मलाही यातलं काही कळत नव्हतं. कळलं ते फसता फसता.

आमच्या पप्पांकडे जावा होती. 1984 साली घेतलेली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी दहावी झालो आणि लातूरला अकरावी-बारावी करायचं ठरलं. 2007 साल. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेस. गाडी विकली गेली. पप्पा एवढंच म्हणाले, “जुनी झाली होती, पार्ट मिळत नव्हते.” नंतर त्यांनी दुसरी गाडी घेतली, पण तिच्याबद्दल कधी काही बोलले नाहीत.

पुण्यात नोकरी लागली, थोडे पैसे साठले, आणि मी जुनी जावा शोधायला लागलो. एक दिवस मोबाइलवर जाहिरात दिसली : ‘1978 मॉडेल जावा, एकदम ओरिजिनल, पहिल्यापासून लातूर पासिंग’. फोटोत गाडी आरशासारखी चमकत होती. नंबर एमएच-24.

पप्पांना न सांगता देगलूर नाक्यावरच्या एका मिस्त्रीचाचांना सोबत घेतलं. त्यांची अर्धी हयात जावा खोलण्यात गेलेली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही लातूरला पोचलो. औसा रोडला एका घरासमोर गाडी उभी होती. मी तर बघताक्षणी पैसे काढायच्या तयारीत. चाचा म्हणाले, “थांब बेटा. घाई नको.”

त्यांनी खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं आणि मडगार्डवरून फिरवलं. दोन ठिकाणी ते चिकटेना. म्हणजे तिथं लांबी भरलेली. मग टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला. आतून पत्रा कोरा, गंजाचा डाग नाही. “टाकी आत्ताची आहे. जुन्या वळणाच्या टाक्या नव्या बनवून मिळतात.” पायाखालचे रबर नवे, पण किकच्या रबराची नक्षी पार घासून गेलेली. चाचा मला हळूच म्हणाले, “जी गाडी खरंच इतकी वर्षं चालते, ती सगळीकडून सारखीच झिजते. एक पार्ट म्हातारा आणि दुसरा पोरगा, असं असलं की विचारायचं.”

मी म्हटलं, “पण काका, गाडी 1978 ची ना? मग एमएच-24 कसं?”

एवढं मला माहीत होतं. एमएचची सिरीज 1989 ला सुरू झाली. त्याआधी तीन अक्षरं आणि चार आकडे असायचे. आणि 1978 मध्ये लातूर जिल्हाच नव्हता. तो ऑगस्ट 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला.

विक्रेत्यानं कुरकुरत आरसी आणली. पहिली नोंदणी 1991. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर आरसीशी जुळत होता. तो बोट ठेवून म्हणाला, “हे बघा, कंपनी काय लिहिलीय? आयडियल जावा!”

चाचा हसले. “कंपनीचं नाव शेवटपर्यंत तेच होतं, साहेब. मैसूरचा कारखाना 1961 ला सुरू झाला, तेव्हा गाडीवर जावा लिहायचे. सत्तरीत नाव बदलून येझदी केलं. 1996 ला कारखाना बंद पडला, तोवर येझदीच निघायची. ही 1991 ची येझदी आहे. तुम्ही तिला जावाचे कपडे घातलेत.”

वय का वाढवतात, तेही चाचांनी परतीच्या वाटेत सांगितलं. जितकी जुनी तितकी किंमत. त्यात 2021 पासून केंद्राचा नियम आला : पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. तेव्हापासून ‘व्हिंटेज’ शब्दाचा भाव आणखी वाढला.

मी म्हटलं, “मग ती नवी जावा पण नकलीच की.”

“ती कशाला नकली? ती आपलं साल खरं सांगते. आणि जुन्या गाडीत नवा पार्ट टाकला तरी ती नकली होत नाही, मी तर जन्मभर तेच केलं. वय खोटं सांगितलं की नकली.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुझ्या पप्पांच्या टाकीवर काय लिहिलेलं होतं?”

मी अहमदपूरच्या हॉटेलातून पप्पांना फोन लावला.

“येझदी,” पप्पा म्हणाले. “सगळे जावाच म्हणायचे. कामून विचारायलास?”

1984 ची, म्हणजे दुसरं काही असणारच नव्हतं. मला ते साधं गणित सुचलं नव्हतं. मला हवी होती तीच गाडी मी लातूरला सोडून आलो होतो. रंगाखाली ती येझदीच होती.

रात्री विक्रेत्याला फोन केला. “1991 ची येझदी म्हणून किती घ्याल?” त्यानं फोन कट केला. तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडं जास्त देऊन गाडी नांदेडला आणली.

पप्पा अंगणात आले. काही बोलले नाहीत. स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि टाकीवरचे जावाचे दोन्ही बिल्ले काढून माझ्या हातात दिले. मग खाली न बघता डाव्या पायाजवळचा गिअर हातानं आत दाबून वर फिरवला. त्याचीच किक झाली. या गाडीत गिअर आणि किक एकच असते, हे मला मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा कळलं होतं.

गुडघ्यामुळं त्यांना आता किक मारता येत नाही. ती मी मारली. पाचव्या वेळी गाडी सुरू झाली. अंगणभर धूर झाला, आणि आई आतून ओरडली, “आली का तुमची जावा?”