कान झाकण्याआधी बंगळूर ऐका

लालबाग आणि रेशमी साड्यांपलीकडे या शहराची आणखी एक ओळख आहे. ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी करून घ्यावी लागते.

बंगळूरला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाला "काय काय पाहिलंत?" असे विचारले, तर यादी ठरलेली असते. लालबागेतले काचघर, विधान सौध, बसवनगुडीचा भव्य नंदी, एमटीआरची रवा इडली आणि परतताना म्हैसूर सिल्कची पिशवी. इतिहासाची आवड असणारे, ही शहाजीराजांची जहागीर होती, याची आठवण काढतात.

पण आता या शहरात जाणारे अनेक आईवडील निव्वळ पर्यटक नसतात. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे ते महिना-पंधरा दिवस राहायला जातात. प्रेक्षणीय स्थळे चार दिवसांत संपतात. मग शेजारच्या खोलीतून येणारे 'धाडधाड' संगीत कानावर पडू लागते. आई म्हणते, "अरे, हे गाणं आहे की भांडण?" मुलगा हसतो आणि दार लोटून घेतो. एका घरात राहूनही दोन पिढ्यांमध्ये दार बंद होते, ते असे. ते उघडायचे असेल, तर या गोंगाटाची थोडी ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?

छावणीचे सूर

हे संगीत बंगळूरमध्येच इतके का रुजले? त्याची मुळे जुनी आहेत. १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली. पेठेतले कन्नड-तमीळ-तेलुगू-मराठी बंगळूर वेगळे आणि छावणीतले गोऱ्यांचे बंगळूर वेगळे. छावणीबरोबर लष्करी बँड आले, चर्चमधले समूहगान आले, अँग्लो-इंडियन घरांतले पियानो आणि गिटार आले. कब्बन पार्कमधला बँडस्टँड ही त्या काळाची खूण.

स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखाने, संशोधन संस्था आणि महाविद्यालये यांमुळे देशभरातली तरुण मुले येथे गोळा झाली. कोणाची मातृभाषा मल्याळम, कोणाची बंगाली, कोणाची मराठी. अशा मुलांना एकत्र गाण्यासाठी इंग्रजी गाणी सोयीची वाटली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिगेड रोडच्या आसपास पब निघाले. त्यांपैकी रेस्ट हाउस रोडवरचा 'पीकोस' १९८९ चा. मद्यासाठी जितका, तितकाच कॅसेटवरच्या जुन्या रॉक गाण्यांसाठी तो प्रसिद्ध झाला. १९९६ मध्ये 'थर्मल अँड अ क्वार्टर' हा वाद्यवृंद येथेच जन्मला. १९९८ मध्ये सुरू झालेला 'क्रिप्टॉस' तर २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकन या नामांकित महोत्सवात वाजवून आला.

पॅलेस ग्राउंड्सच्या मैदानावर २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स, २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटॅलिका येऊन गेले. मेटॅलिकाचा गुरगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, त्यामुळे भारतातल्या पहिल्या कार्यक्रमाचा मान बंगळूरला मिळाला.

तीन सूर आणि हिंमत

या शहराचा खरा ओढा जुन्या रॉककडे आणि हेवी मेटलकडे. पण या मोठ्या कुटुंबात 'पंक' नावाचा एक वांड भाऊ आहे. ज्येष्ठांना सर्वांत जास्त खटकतो तोच, म्हणून ओळख त्याच्यापासूनच सुरू करू.

१९७० च्या दशकाच्या मध्यात रॉक संगीत फार श्रीमंत आणि फार गुंतागुंतीचे झाले होते. वीस-वीस मिनिटांची वादने, महागडी यंत्रे, प्रचंड रंगमंच. न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या बेकार, कफल्लक मुलांना ते परके वाटू लागले. त्यांनी ठरवले, की वाजवायला फारसे येत नसले तरी चालेल, पण जे सांगायचे आहे ते आजच सांगायचे. १९७७ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका हौशी पत्रिकेने गिटारच्या फक्त तीन स्वरमेळांची चित्रे छापली आणि वाचकांना सांगितले, की एवढे आले की वाद्यवृंद काढा!

मराठी माणसाला हे अनोळखी वाटायचे कारण नाही. गावातल्या भजनी मंडळात टाळ धरण्यासाठी कोणी संगीत विशारदचे प्रमाणपत्र मागत नाही. आवाज फाटका असला तरी चालतो, भाव खरा हवा. साठच्या दशकात प्रस्थापित मासिकांना कंटाळलेल्या आपल्या तरुण लेखकांनी 'असो', 'वाचा' यांसारखी अनियतकालिके पदरमोड करून काढली. इंग्लंडमधल्या पंक मुलांनी दहा वर्षांनी तेच केले, फक्त हातात गिटारही घेतली. आणि आवाजाचेच म्हणाल, तर विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाशेजारी आनंदाने उभे राहणाऱ्यांनी तक्रार करावी, हे काही पटत नाही.

कोठून सुरुवात करावी?

माझी एक मैत्रीण भावगीतांवर वाढलेली. मुलीकडे बंगळूरला असताना तिने मला फोनवर विचारले, "मला पटेल असं यातलं काही आहे का?" तिला जो क्रम सुचवला, तोच येथे देते.

कवितेची आवड असेल, तर पॅटी स्मिथचा 'हॉर्सेस' (१९७५) हा संग्रह आधी ऐकावा. ही मुळात कवयित्री. शब्द म्हणता म्हणता ती गाऊ लागते.

मग 'रॅमोन्स' यांचा पहिला संग्रह (१९७६). चौदा गाणी, एकूण एकोणतीस मिनिटे! एखादे नाही आवडले, तरी चहा उकळेपर्यंत संपते. चौघांनीही रॅमोन हे आडनाव लावले होते, पण ते भाऊ नव्हते. हा संग्रह सुमारे ६,४०० डॉलरमध्ये तयार झाला, त्या काळच्या मानाने अगदीच किरकोळ खर्चात.

चाल हवी असेल, तर मँचेस्टरचे 'बझकॉक्स'. रागाच्या आवाजात त्यांनी चक्क प्रेमातली फजिती गायली आहे.

"सगळी गाणी सारखीच वाटतात" ही तक्रार असेल, तर 'द क्लॅश' यांचा 'लंडन कॉलिंग' (१९७९). त्यात जमैकाचा रेगे आहे, जॅझची झाक आहे. त्यांच्या गायकाचे, जो स्ट्रमरचे, वडील आपल्या लखनौत जन्मलेले.

मुलींनी 'एक्स-रे स्पेक्स'ची पॉली स्टायरिन जरूर ऐकावी. सोमाली पिता आणि ब्रिटिश माता यांची ही मुलगी दातांना तार लावून रंगमंचावर आली आणि जाहिरातींच्या चकचकीत जगाची थट्टा करून गेली. पंकमुळे असे अनेकांना तोंड फुटले. १९७९ मध्ये लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या तीन तरुणांनी एका गोऱ्या मित्राबरोबर 'एलियन कल्चर' हा वाद्यवृंद काढला. घरातली शिस्त आणि बाहेरचा वर्णद्वेष यांमध्ये सापडलेल्या मुलांची घुसमट त्यांनी गायली. परगावी राहणाऱ्या आपल्या मुलांचे आईवडील ती सहज ओळखतील.

आपल्याकडे या लाटेचे शिंतोडे लवकर आले होते. लंडनच्या पंक काळातून पुढे आलेला 'द पोलिस' हा वाद्यवृंद मार्च १९८० मध्ये मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेला. आणि कार्यक्रम कोणी ठरवला होता? 'टाइम अँड टॅलंट्स क्लब' या महिलांच्या सेवाभावी संस्थेने! तेव्हा "हे आपल्या वयाचे नाही" असे म्हणायची सोय नाही.

एक सावधगिरी हवी. काही गाण्यांत शिव्या असतात. लहान मुलांसमोर लावण्याआधी स्वतः ऐकून पाहावीत.

एका संध्याकाळचा फेरफटका

जांभळ्या मार्गाच्या मेट्रोने एम. जी. रोडला उतरावे. मागच्याच बाजूला चर्च स्ट्रीट. २०१८ मध्ये फरसबंदी झालेल्या या रस्त्यावर रमतगमत चालता येते. इंडियन कॉफी हाउसमध्ये कॉफी घ्यावी, ब्लॉसममध्ये जुनी पुस्तके चाळावीत. पबमध्ये पाऊल न टाकताही या भागाची नाडी कळते. सवडीने एक दिवस जे. पी. नगरच्या 'इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स' या संग्रहालयासाठी ठेवावा. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या या ठिकाणी शास्त्रीय संगीतापासून आजच्या वाद्यवृंदांपर्यंत सारे ऐकत हिंडता येते. आजी आणि नात दोघींनाही तेथे आपापले सापडते.

मुलांबरोबर एखाद्या कार्यक्रमाला जाणार असाल, तर कानात घालायच्या डाट्या जवळ ठेवाव्यात आणि ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहावे. पुढे चाललेली धक्काबुक्की पाहून घाबरू नये. त्यात एक अलिखित नियम असतो. कोणी पडला, की आजूबाजूच्यांनी त्याला लगेच उचलायचे.

गाणे बंद पडते तेव्हा

या शहरात गाणे गृहीत धरता येत नाही. डान्स बार आणि तेथले बँड डोळ्यांसमोर ठेवून २००५ मध्ये पोलिसांनी परवान्याचा आदेश काढला. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, तेव्हा परवाना नसलेल्या अनेक हॉटेलांतले प्रत्यक्ष वादन एकाएकी थांबले. डान्स बारशी संबंध नसलेल्या, चार लोकांसमोर गिटार वाजवणाऱ्या मुलांचाही रोजगार गेला. शेजाऱ्यांची झोप महत्त्वाची आहेच. रहिवाशांच्या तक्रारी खोट्या नसतात. पण जेथे नवख्याला चुकत चुकत वाजवायची जागाच उरत नाही, तेथे पुढचे कलावंत कोठून येणार? हा प्रश्न बंगळूरपुरता नाही. मुंबईचे रंगभवनही रुग्णालये आणि महाविद्यालयांच्या शांतता क्षेत्रात येते म्हणून गाण्यांना पारखे झाले.

मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे जाणारी उद्यान एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी बंगळूरला पोहोचते. एवढ्या वेळात वर सांगितलेले सगळे संग्रह ऐकून होतील. न आवडले तर न आवडले. पण स्टेशनवर न्यायला आलेल्या मुलाला "त्या रॅमोन्सची गाणी बरीच आखूड आहेत रे" एवढे सांगून पाहा. घरी पोहोचेपर्यंत तो बोलत राहील.