मेपलच्या मुळांशी

मेपलखाली हिरवळ धरत नाही. न्यू जर्सीच्या जुन्या वस्त्यांत अंगणोअंगणी हीच गत. झाडाची मुळं जमिनीच्या वरवरच जाळं विणतात, पाणी तीच पिऊन टाकतात आणि वसंतात पेरलेलं गवत उन्हाळ्यात झडून जातं. मग लोक कंटाळून लाकडाच्या ढलप्या आणून पसरतात. ढलप्यांचा तो तपकिरी, नीटनेटका गोल मला बघवत नाही. त्या मातीवर ज्यांचा जुना हक्क, ती रानव्हायोलेटं तिथून हातभर अंतरावर, कुंपणाच्या बुडाशी दाटीनं उभी असतात. त्यांना आत येऊ द्यायचं, एवढंच.

एप्रिलमध्ये मेपलला पानं धड फुटलेलीही नसतात. तेवढ्या मोकळ्या उजेडात ही रोपं आपला सोहळा उरकून घेतात. हृदयाच्या आकाराची पानं, त्यांच्यातून वर आलेला कोवळा देठ, टोकाशी पाच निळ्या-जांभळ्या पाकळ्या. खालच्या पाकळीवर गडद रेघा असतात; त्यांच्या वाटेनं माशी मधापर्यंत पोचते. इथली अँड्रेना व्हायोली ही रानमाशी तर व्हायोलेटच्याच फुलांवर जगते. १९७१ साली न्यू जर्सीनं कायदा करून व्हायोलेटला राज्यफूल केलं. तरी हिरवळीचे शौकीन त्याला तण म्हणतात, त्यावर औषध मारतात, याचं मला फार वाईट वाटतं. महाराष्ट्रात पावसाळी गवतात एकच मोठी गुलाबी पाकळी मिरवणारं रतनपुरुष उगवतं, तेही याच कुळातलं. परदेशात आपल्या कुळातलं कुणी भेटावं, तसं मला झालं होतं हे कळल्यावर.

फुलं सरली तरी रोपाचं काम सरत नाही. मेपलचं छत दाटलं की पानांखाली, मातीला टेकून, नव्या कळ्या धरतात आणि त्या कधी उमलतच नाहीत. मिटल्या जागीच परागण होतं, बी भरतं. पिकलेलं बोंड तीन फाकांत उकलतं, वाळता वाळता आक्रसतं आणि बी दूर उडवतं. बियांना तेलकट गाठ असते. मुंग्या तिच्यासाठी बी वारुळात ओढून नेतात, गाठ खातात आणि बी टाकून देतात. ते तिथल्या भुसभुशीत मातीत रुजतं. जमीन झाकण्याचं बरंचसं काम असं मुंग्याच करतात.

पण मला व्हायोलेटची ओढ लागली ती फ्रिटिलरीमुळे. ग्रेट स्पँगल्ड फ्रिटिलरी हे मोठं नारिंगी फुलपाखरू, पंखांच्या खालच्या अंगाला चांदीचे ठिपके. त्याची अळी व्हायोलेटच्या पानांखेरीज काही खात नाही. मादी उन्हाळा सरता सरता व्हायोलेटच्या आसपास अंडी घालते. शरदात इवलीशी अळी बाहेर येते आणि पान न खाताच पाचोळ्यात शिरते. सारा बर्फाळ हिवाळा ती तिथे उपाशी काढते. वसंतात कोवळी पानं आली की काळी, काटेरी होत रात्री चरू लागते. म्हणजे ऑक्टोबरात लीफ ब्लोअर लावून झाडाखालची जमीन लख्ख केली, तर पुढच्या जूनमधली फुलपाखरंच आपण कचऱ्याच्या पोत्यात भरून दिली. व्हायोलेट लावायचं आणि पाचोळा उचलायचा, ही दोन कामं एकत्र होऊ शकत नाहीत. पानं न्यायला येणाऱ्या माणसांना मी सांगते, वाटेवरची न्या, झाडांखालची राहू द्या. पाचोळ्याचा थर मेपलच्या मुळांनाही हवाच असतो.

लागवड सोपी आहे. कुंपणाकडचा एखादा गड्डा जाड मुळासकट उचलावा, त्याचे तुकडे करावेत आणि मेपलची मुळं न तोडता त्यांच्या मधल्या खळग्यांत वीतभर अंतरानं लावावेत. पहिल्या उन्हाळ्यात पाणी मात्र चुकवू नये. मध्ये नेचे आणि पेनसिल्वानिया सेज हे इथलंच बारीक पात्याचं गवतासारखं झाड असलं, तर सावली अधिक भरून येते. ससे पानं खातात. खाऊ द्यावीत, मुळातून पुन्हा फुटतात.

येत्या शरदात उत्तरेकडच्या भिंतीलगतच्या ढलप्या काढणार आहे. तिथली माती ओलसर राहते, म्हणून दुधी फुलांचं व्हायोला स्ट्रायाटा लावायचं ठरवलं आहे. शेजारीण म्हणाली, उरलेले गड्डे मला दे. तिच्याही मेपलखाली गवत मेलंच आहे.