मॅडम, इथं ‘हॅड’ लावायचं का?

मिरजेत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९० च्या दशकात डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून रुग्ण इथं येतात. त्यामुळे वर्गात नर्स जास्त. त्यांना ब्रिटनला किंवा आयर्लंडला जायचं असतं आणि त्यासाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही परीक्षा द्यायची असते. बाकी मग बँकेतले, रेल्वेतले, मुलाकडे परदेशी निघालेल्या काकू आणि सतारमेकरांच्या गल्लीतले एक कारागीर. त्यांचे तंबोरे बाहेरदेशी जातात आणि गिऱ्हाईक ईमेलवर इंग्रजीत बोलतं.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. माझ्या वर्गात पाचवीत एबीसीडी गिरवलेले काका-काकू आहेत आणि पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पोरंही आहेत. पोरांकडे शब्द जास्त, उच्चारही सफाईदार. अडण्याच्या जागा मात्र दोघांच्या त्याच. चार वर्षं जास्त शिकूनही माणूस त्याच खड्ड्यात पाय घालत असेल, तर खड्डा शाळेने खणलेला नाही हे उघड आहे.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न ‘हॅड’चा. वहीत वाक्य असतं, ‘आय हॅड गॉन टू सांगली येस्टरडे.’ मी ‘हॅड’ खोडते. लगेच प्रश्न येतो, ‘मॅडम, पण मी काल गेलोच होतो की!’

यात एक अस्सल मुद्दा आहे. मी वर्गाला सांगते, ‘काल मी सांगलीला गेलो’ एवढंच म्हणा आणि थांबा. सगळे थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी विचारतंच, ‘बरं, मग?’ मराठीत हे वाक्य लोंबकळत राहतं. सांगलीला गेलो, तिथं कोण भेटलं, काय झालं, याची ऐकणाऱ्याला वाट असते. ‘गेलो होतो’ म्हटलं की गोष्ट मिटते. गेलो, काम झालं, परत आलो. आपलं ‘होतो’ हे असं मिटवण्याचं काम करतं. इंग्रजीतलं ‘वेन्ट’ आपलं आपणच मिटतं, त्याला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

इंग्रजीतल्या ‘हॅड’चं काम वेगळं आहे. त्याला दोन घटना लागतात, एक आधीची आणि एक नंतरची. मी स्टेशनवर पोचले तोवर गाडी सुटली होती, ‘द ट्रेन हॅड लेफ्ट.’ पोचणं नंतरचं, सुटणं आधीचं. वर्गात आता एकच कसोटी चालते. कुणी ‘हॅड’ लावलं की बाकीचे विचारतात, ‘कशाच्या आधी?’ उत्तर असेल तर ‘हॅड’ राहतं, नसेल तर जातं.

नर्सेसचा प्रश्न ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ दोन्हींना ‘पासून’ चालतं. इंग्रजी तिथं फोड करतं. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, लांबी मोजायची तर ‘फॉर’. हे पटकन समजतं. खरी गाठ क्रियापदाची असते. ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ या वाक्यात आपल्याला साधा वर्तमानकाळ पुरतो, कारण ताप आत्ता आहे. म्हणून वहीत येतं, ‘ही इज हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज.’ मिरजेच्या वॉर्डात हे कुणालाही कळेल. पण ते सुधारायला जाऊन ‘ही हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’ लिहिलं, तर अर्थच उलटतो. ताप होता, उतरला. ‘ही हॅज हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’ म्हणजे ताप अजून आहे. एवढ्याशा ‘हॅज’ने रात्रपाळीची नर्स थर्मामीटर उचलेल की नाही हे ठरतं. हे उदाहरण दिल्यापासून मला तो काळ त्याच्या लांबलचक नावाने शिकवावा लागत नाही. वर्गात त्याचं नाव ‘अजून ताप आहे’ असंच पडलंय.

कारागीरकाकांचा प्रश्न मात्र मला फार आवडला. सोलापूर जिल्ह्यातून आणलेला भोपळा हातात धरून तो कुठल्या वाद्याला लागेल हे ते सांगतात, पण ‘ए’ आणि ‘द’पुढे हात टेकतात. त्यांनी एका गिऱ्हाइकाला लिहिलं होतं, ‘द तानपुरा इज रेडी.’ गिऱ्हाइकाचं उलट उत्तर आलं, ‘कुठला?’ त्याने अजून ऑर्डरच दिलेली नव्हती. काकांना एवढंच कळवायचं होतं की दुकानात एक तंबोरा तयार आहे, हवा तर सांगा. ते म्हणाले, ‘मॅडम, आपल्यात हे ए-द नाहीच, मग आपलं कसं अडत नाही?’

मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘दुकानात तंबोरा आहे.’ ‘तंबोरा दुकानात आहे.’ काकांना म्हटलं, फरक सांगा. ते क्षणभर ओठांत पुटपुटले आणि म्हणाले, ‘पहिल्यात कुठला का असेना, आहे एक. दुसऱ्यात तो, आपण बोलत होतो तो.’ म्हणजे त्यांना ‘ए’ आणि ‘द’ येत होतं, बोलायला लागल्यापासून येत होतं. मराठी ते काम शब्दांच्या जागेवरून करते. ओळखीची वस्तू वाक्यात पुढे येते, नवखी मागे, क्रियापदाच्या जवळ सरकते. इंग्रजीत शब्दांच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या, त्यामुळे हीच गोष्ट त्याला एक छोटा शब्द लावून सांगावी लागते. याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. ‘अ युनिव्हर्सिटी’ पण ‘ॲन अवर’ का, याचं उत्तर अक्षरात नसून कानात आहे, आणि ‘द गंगा’ पण नुसतंच ‘मिरज’ का, हे तर पाठच करावं लागतं. पण ऐकणाऱ्याला वस्तू माहीत आहे का, हा मूळ प्रश्न काकांना कुणी शिकवावा लागला नाही.

माझ्या टेबलावर तीन-चार पुस्तकं कायम असतात. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन अँड मार्टिन ही आमच्या आधीच्या पिढ्यांची. रेमंड मर्फी यांचं १९८५ चं पुस्तक नर्सेसना प्रिय, डाव्या पानावर समजावणं आणि उजव्या पानावर सराव. मायकेल स्वान यांचं १९८० चं ‘प्रॅक्टिकल इंग्लिश युसेज’ माझ्यासाठी. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत विषय वर्णानुक्रमाने लावलेत, अडलं तिथं उघडावं. ही पुस्तकं उत्तम आहेत. पण मर्फी आणि स्वान यांना जगभरच्या सगळ्यांशी बोलायचं असतं. मिरजेचा माणूस ‘हॅड’ का लावतो, हे त्यांनी सांगावं अशी अपेक्षाही करता येत नाही. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली एका निबंधात मांडलं होतं की शिकणाऱ्याच्या चुकांमागे एक व्यवस्था असते आणि तो कुठवर पोचलाय ते त्या चुका दाखवतात. कॉर्डरचं म्हणणं मी बी.एड.साठी पाठ केलं होतं. ते खरं वाटलं या वर्गात.

अर्थात प्रत्येक चूक मराठीच्या माथी मारता येत नाही. ‘ही गो’, ‘शी वर्क’ ही चूक घ्या. ‘तो जातो’, ‘ती जाते’, ‘मी जाते’, आपल्याकडे तर क्रियापद कर्त्यामागे इमानाने बदलतं. तरी तो एक ‘एस’ बोलताना गळतोच. मराठीचा गंधही नसलेल्या इतर देशांतल्या शिकणाऱ्यांचाही तो गळतो. तिथं मी कारण सांगत बसत नाही, फक्त वाक्यं बोलून घेते.

परदेशी निघालेल्या काकूंची अडचण व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. सुनेच्या आईवडिलांची ओळख करून देण्याचा सराव चालला होता. काकू म्हणाल्या, ‘धिस इज माय विहीणबाई. दे आर टीचर.’ मी ‘शी’ म्हणायला सांगितलं तर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘विहीणबाईंना शी कसं म्हणू? ऐकलं तर काय वाटेल त्यांना!’ ‘त्या शिक्षिका आहेत’ मधला आदराचा ‘त्या’ इंग्रजीत नेताना त्यांनी ‘दे’ निवडला होता. मराठीच्या हिशेबाने निवड बिनचूक होती.

काकूंना उत्तर मिळालं ते नर्सेसच्या सरावातून. ओईटीत रुग्णाशी बोलण्याचा प्रसंग उभा करून दाखवायचा असतो. एक नर्स म्हणाली, ‘लिफ्ट युवर राइट हँड.’ मराठीत ती काय म्हणाली असती? ‘जरा उजवा हात वर करा हं, आजोबा.’ त्यात ‘जरा’ आहे, ‘करा’तला आदर आहे, ‘हं’ आहे, ‘आजोबा’ आहेत. इंग्रजीत यातलं काहीच आलं नाही, उरला तो हुकूम. तिचा प्रश्न होता, ‘सुरुवातीला प्लीज लावलं की झालं ना?’ नाही होत. नुसत्या ‘प्लीज’ने हुकूम थोडा मऊ होतो इतकंच. ‘कुड यू लिफ्ट युवर राइट आर्म फॉर मी?’ असं विचारावं लागतं. इंग्रजी आदर सर्वनामात ठेवत नाही, विनंतीच्या बांधणीत ठेवतं. काकूंनी हे ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. विहीणबाईंना ‘शी’ म्हणायचं आणि चहा विचारताना ‘वुड यू लाइक’ म्हणून सगळा मान परत द्यायचा, असा तोडगा त्यांनीच काढला.

शब्दांच्या प्रश्नांचं स्वरूप निराळं असतं. बँकेतले एकजण दर आठवड्याला यादी आणतात. ‘प्रीपोन’ चूक की बरोबर? ‘डू द नीडफुल’? ‘आउट ऑफ स्टेशन’? ‘पास्ड आउट इन २०१२’? त्यांना एका शब्दात निकाल हवा असतो. मी उलट विचारते, ‘कुणाला लिहिताय?’ ‘प्रीपोन’ आपल्या देशात रुजलाय, ऑक्सफर्डच्या कोशातही तो आहे. कोल्हापूरच्या शाखेला बेलाशक लिहा. लंडनच्या माणसाला तो नवा असू शकतो, तिथं बैठक ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाली असं लिहा. ‘पास्ड आउट’ मात्र जपून. तिकडे त्याचा सरळ अर्थ बेशुद्ध पडला असा होतो आणि नर्सने आपल्या कॉलेजबद्दल तसं लिहिलं तर वाचणारा दचकेल. ‘गिडिनेस’ इकडच्या केसपेपरवर रोज असतो, तिकडचा रुग्ण ‘डिझी’ म्हणेल. यात चुकीचं इंग्रजी असं फारसं नसतं. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं इंग्रजी असतं.

कधीकधी प्रश्न असा येतो की इंग्रजीच उघडं पडतं. एका तरुण नर्सने विचारलं, ‘वुई आर गोइंग टू द कँटीन म्हटलं तर समोरच्याने यायचं की नाही?’ आपल्याकडे ‘आपण’ म्हटलं तर तो आला, ‘आम्ही’ म्हटलं तर नाही. गुजरातीत हा भेद आहे, तमिळ-तेलुगूतही आहे. इंग्रजीत नाही. मी तिला सांगितलं, बोलवायचं असेल तर वेगळं वाक्य जोड, ‘डू यू वॉन्ट टू कम?’ तिला उत्तर पटलं, पण भाषा जरा गरीब वाटली. मी ते दुरुस्त करायला गेले नाही. इंग्रजीपुढे कायम मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला त्या भाषेत एखादी खोली कमी आहे हे दिसलेलं बरं असतं. त्या दिवशी ती एरवीपेक्षा जास्त बोलली.

माझ्याकडे येणारे सगळेजण शाळेत मराठी व्याकरण शिकलेत. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग त्यांनी पाच गुणांसाठी ओळखले आणि पेपर झाल्यावर विसरून टाकले. पलीकडच्या तासाला दुसऱ्या शिक्षकांनी ‘पॅसिव्ह व्हॉइस’ शिकवला. दोन्ही तासांची गाठ कुणी घालून दिली नाही. मराठीचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम एकाच स्टाफरूममध्ये डबा खातात. त्यांनी महिन्यातून एक तास एकत्र घ्यावा, फळ्यावर डावीकडे ‘गेलो होतो’ आणि उजवीकडे ‘वेन्ट’ लिहावं आणि पोरांना भांडू द्यावं. त्यासाठी नवं पुस्तक लागत नाही की शासनाचा आदेश. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात एक चौकोन मोकळा केला की पुरे.