शेपटाचं शेत भिजलं का?

ओझर

चि. सोनीस,



कालवा निरीक्षक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं आणि मन भरून आलं. पाणी मागणीचे अर्ज घ्यायचे, पाळी लावायची, भिजलेलं क्षेत्र मोजायचं, पाणीपट्टी वसूल करायची, ही कामं तू चोख करशील. मला सांगायचंय ते नेमणुकीच्या कागदात नसलेल्या कामाबद्दल.

आपलं ओझर वाघाडच्या कालव्याच्या शेपटाला. धरण तिकडे दिंडोरी तालुक्यात, कोलवण नदीवर. कागदावर आपली जमीन लाभक्षेत्रात होती, पण पाणी वरच्या वरच संपायचं. चारी कोरडी आणि शेतकरी विहिरीच्या भरवशावर. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि 1990-91 च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं आणि पट्टी वेळेवर भरायची. बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांतही पाणी सोडलं, म्हणून विहिरींना पाझर लागला. पुढे सगळ्या वाघाड प्रकल्पावर अशा 24 संस्था झाल्या. शेतकऱ्यांच्या हाती सिंचन देणारा राज्याचा कायदा 2005 चा. ओझरचं काम त्याच्या कितीतरी आधीचं.

या सगळ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो पाटकरी. त्याचं ठरलेलं काम म्हणजे दार उघडणं, बंद करणं आणि वहीत वेळ टिपणं. एवढ्यावर पगार मिळतो. पण मी पाहिलेला चांगला पाटकरी आवर्तन सुटायच्या आधीच फावडं घेऊन चारीवर हजर असायचा. खेकड्यांनी पोखरलेला काठ पायाने चाचपायचा, बीळ सापडलं की त्यात चिखल आणि गवत ठासून भरायचा. रात्री पाणी चालू असलं की बॅटरी घेऊन मोजपट्टीवरची पातळी पाहून यायचा. पातळी थोडी उतरली तरी प्रवाह त्याहून जास्त प्रमाणात घटतो, हे त्याला शाळेत न जाताही ठाऊक होतं. एक क्युसेकचा प्रवाह तासभर वाहिला तर एक लाख लिटरहून जास्त पाणी होतं. वर कुणी फळी सरकवली की तेवढा घास खालच्याच्या तोंडचा जातो. म्हणून तो उलट पावली वर जाऊन दार तपासायचा.

आणि निरोप! पाळी येण्याआधी दोन तास तो पुढच्या शेतकऱ्याला सांगायचा, ‘दादा, तयारीत राहा.’ ऐकायला साधं वाटतं. पण निरोप नसला तर माणूस थंडीत रात्रभर बांधावर ताटकळतो, नाहीतर झोपून राहतो आणि त्याचं पाणी नाल्याला जातं. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरायच्या दिवसांत एक पाळी चुकली तर वर्षाची मेहनत अडचणीत येते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या शेतात तर तो स्वतः दारं धरायचा. हे त्याच्या कामात कुठे लिहिलं होतं?

पाणीपट्टी भरणारा शेतकरी आपलं गिऱ्हाईक आहे, हे आपल्या खात्यात अजून पुरेसं रुजलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला अर्जदार म्हटलं की तो हात जोडून उभा राहतो. तुझ्या टेबलापुढे त्याला तसं उभं राहू देऊ नकोस. अर्ज चुकला असेल तर परत पाठवण्याऐवजी तिथेच दुरुस्त करून घे. पाणी उशिरा येणार असेल तर त्याने विचारायच्या आधी तू कळव. वसुली आपोआप सोपी होते, कारण पाणी वेळेवर मिळालं की पट्टी द्यायला माणूस कुरकुरत नाही.

सगळा भार एकटीने उचलू नकोस, पाटकऱ्यांना सोबत घे आणि त्यांचं चांगलं काम वरिष्ठांच्या कानावर घाल.

एवढं माझं ऐक. पहिलं आवर्तन सुटेल तेव्हा एका चारीच्या टोकापर्यंत पायी जा, शेवटच्या शेतकऱ्याला तुझा नंबर दे, आणि त्याचं शेत भिजलेलं पाहूनच वहीत सही कर.

तुझा,
मामा