झील

गाणं सुरू व्हायच्या आधीच मी अडकलो. मुंबईच्या परांज्योती अकादमी कोरसचं एक ध्वनिमुद्रण लावलं होतं. पहिल्या सुराआधी सगळ्यांनी मिळून घेतलेला श्वास त्यात स्वच्छ ऐकू आला. तेवढाच तुकडा मी पुन्हा लावला. व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ साली हे वृंदगान उभं केलं, ते गेल्यावर १९६७ पासून कूमी वाडियांनी सांभाळलं. हात कुणाचाही असो, त्या हातानं आधी श्वास घ्यायला लावला असणार.

आमच्याकडं गोंधळात असा सामाईक श्वास नसतोच. धाराशिवहून तुळजापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळं लग्न झालं की गोंधळ ठरलेला. रात्री जेवणं उरकली की अंगणात चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटते. संबळवाला कमरेला जोडी बांधतो, एका कातड्यावर वाकडी काडी आणि दुसऱ्यावर सरळ. सुरुवातीला तो उगाचच ठोकत बसल्यासारखा वाटतो, पण कातडं बोलेपर्यंत नायक तोंड उघडत नाही. मग गावोगावच्या देवांना आवतणं सुरू होतात. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी; कुणी राहिलं तर रुसेल. नायकाच्या ओळीचं शेपूट साथीदार झेलतात आणि लांबवतात. ती झील. लहानपणी मला वाटायचं, हे नुसतं मागं मागं म्हणणं. पुढं तुणतुण्याशेजारी बसायला मिळालं तेव्हा उमगलं, साथीदार ओढत असतात तेवढ्यात नायक दम खातो, घाम पुसतो आणि पुढच्या कथेचं टोक शोधतो. कधी आठवत नाही. मग भुवई किंचित वर जाते, तुणतुणेवाला ती हेरतो आणि झील आणखी दोनदा फिरते. ऐकणाऱ्याला पत्ता नाही. पहाटे आख्यान रंगात आलं की कुणाचा आवाज कुणाच्या श्वासावर चाललाय ते त्यांनाही सांगता येणार नाही. हल्ली साउंड सिस्टीमवाला नायकापुढं माइक ठेवतो आणि साथीदारांना विसरतो. अर्धा गोंधळ तिथंच मरतो.

पण वृंद हाकायची मला सर्वांत आवडलेली रीत माउलींच्या पालखीतली. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडं जातो, ऐकून घेतो. बेसूर होण्याचा असा अधिकृत हक्क जगातल्या दुसऱ्या कुठल्या वृंदात असेल?

एका बाबतीत मात्र मी परांज्योतींच्या बाजूनं. तिथं बायकांचा आवाज त्याच्या जागी, पुरुषांचा त्याच्या, सूर वेगळे आणि गाणं एक. आमच्याकडं एकच पट्टी, झेपली तर गा. आमच्या गल्लीतल्या भजनात पेटीवाले काका काळी दोन सोडत नाहीत. बायकांना वरचा षड्ज चढतो, खालचा पोचत नाही. शेवटी त्यांनी वेगळं मंडळ काढलं, काळी पाचमध्ये, आणि दर गुरुवारी काकांच्याच ओट्यावर बसतात. पेटी काकूंकडं असते.