गोंदेश्वराच्या अंगणात एक संध्याकाळ

संगमनेरहून नाशिकच्या दिशेने निघाले की नांदूर शिंगोटे मागे टाकून साधारण तासाभरात सिन्नर येते. देवगिरीला जाण्यापूर्वी यादवांची राजधानी याच गावी होती. त्या वैभवाची साक्ष देणारे गोंदेश्वराचे शिवमंदिर आजही उंच जोत्यावर उभे आहे. ११व्या-१२व्या शतकातील हे बांधकाम. मधोमध महादेव, भोवती विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची लहान देवळे, समोर नंदीचा मंडप. या रचनेला शैव पंचायतन म्हणतात. मुख्य शिखरावर लहान शिखरांच्या प्रतिकृती उभ्या रांगांनी चढत जातात, आणि उतरत्या उन्हात त्यांतील प्रत्येक रांग वेगळी उठून दिसते.

वाचकहो, घरातील ज्येष्ठांना घेऊन एक संध्याकाळ येथे घालवा, आणि तेवढ्या दोन तासांपुरते सर्वांचे मोबाइल पिशवीत ठेवा, असे मी सुचवतो. अडीअडचणीसाठी एकच फोन चालू असू द्यावा. या आग्रहामागे वैद्यकीय कारण आहे.

दवाखान्यात मी नातेवाइकांना विचारतो, "आजींच्या चालण्यात काही फरक पडला आहे का?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, "तसे काही जाणवले नाही." माणसे एकाच छताखाली राहतात, पण प्रत्येकाची नजर आपापल्या पडद्यावर असते. वृद्धापकाळातील बदल सावकाश येतात, आणि जो पाहत असतो त्यालाच ते दिसतात.

मंदिराच्या आवारात तुमची नजर मोकळी असेल, तर एक गोष्ट जरूर पाहा. चालता चालता आजोबांना एखादा साधा प्रश्न विचारला, तर ते चालत चालत उत्तर देतात, की उत्तर देण्यासाठी थांबतात? १९९७मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात असे निरीक्षण मांडले होते, की बोलण्यासाठी चालणे थांबवणाऱ्या वृद्धांमध्ये पुढील काळात पडण्याचे प्रमाण अधिक आढळते. तोल सांभाळण्यातच सारे लक्ष खर्च होत असल्याची ती खूण असू शकते. शिल्प पाहण्यासाठी कोणी थांबले, तर अर्थातच काळजीचे कारण नाही. पण हे वारंवार घडत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. खुब्याचे हाड मोडल्यानंतर सांगण्यापेक्षा ते फार बरे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कुटुंबासह येथे आलो होतो. बरोबर माझ्या पत्नीच्या वृद्ध मावशी होत्या. जोत्याच्या कडेला बराच वेळ बसून त्या उठल्या, तेव्हा क्षणभर डोळे मिटून त्यांनी खांबाचा आधार घेतला. ते पाहिले आमच्या मुलीने. एरवी त्या वेळी ती छायाचित्रे काढण्यात गुंतली असती. घरी येऊन मावशींचा रक्तदाब आधी आडवे झोपवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर तो दोष मानतात. त्यांचा त्याहूनही जास्त उतरत होता. त्यांच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली, आणि आता त्या उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसतात.

समोरासमोर बोलण्याचाही लाभ होतो. उतारवयात श्रवणदोष प्रथम उंच स्वरांत जाणवतो. त्यामुळे 'स', 'श', 'त' यांसारखी व्यंजने निसटतात. बोलणाऱ्याचे ओठ दिसले, की शब्द जुळवता येतो. मान खाली घालून फोनकडे पाहत बोलणाऱ्याचे वाक्य मात्र ज्येष्ठांपर्यंत अर्धेच पोहोचते, आणि मग ते विचारणेच सोडून देतात. घरात राहूनही आलेला तो एकटेपणा असतो.

आता थोडी व्यवस्था. दुपारी चारच्या सुमारास पोहोचावे आणि अंधारापूर्वी बाहेर पडावे. जोत्याच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना कोणीतरी शेजारी असावे. उतरताना आधार देणाऱ्याने एक पायरी खाली राहावे. बाहेरच्या उजेडातून एकदम गाभाऱ्याकडे जाऊ नये. वयानुसार डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून मंडपात दोन-चार मिनिटे थांबावे, उंबरा पाहून पाऊल टाकावे आणि हातात एक लहान विजेरी ठेवावी. मधुमेह्यांनी तापलेल्या दगडावर अनवाणी चालू नये. तळव्यांची संवेदना कमी झालेली असेल, तर चटका कळतही नाही. पकड असलेले मोजे वापरावेत आणि रात्री दोन्ही तळवे उजेडात तपासावेत. पाणी, संध्याकाळचे औषध आणि थोडा खाऊ बरोबर असावा.

तेवढा प्रवास झेपत नसेल, तर संगमनेरमध्येच प्रवरेकाठच्या एखाद्या देवळाच्या ओट्यावर अर्धा तास बसले तरी चालेल. बसल्यावर घरातल्या मुलांनी आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या जत्रेविषयी विचारावे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे. ते संथपणे येईल, मध्ये अडखळेल. त्या अडखळण्यातही पाहण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते टिपण्याचे काम आम्हा डॉक्टरांआधी तुमच्याकडे आहे.