जुनी गाडी आणि थकीत खर्च



आज स्वयंपाकघर सोडून दारातल्या गाडीविषयी लिहिते. आमची मारुती ८०० आहे, २००६ सालची. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत बनायचं थांबलं. मुलं पुण्याहून म्हणतात, "आई, विकून टाका आता." पण सासूबाई ८६ वर्षांच्या. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. दर पंधरा दिवसांनी अकलूजचा दवाखाना असतो आणि त्यांचा रात्रीभोजनत्याग, म्हणून सूर्यास्ताच्या आत घरी पोचायलाच हवं. भाड्याची गाडी ऐन वेळी मिळेलच असं नाही.

मागच्या आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी होती, तेव्हा गाडी बरेच दिवस जागची हलली नाही. नंतर किल्ली फिरवली तर नुसतं "टक!" दवाखान्याची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. मेकॅनिक आला आणि म्हणाला, "काकू, आधी आवाज ऐकायचा."

तो हिशोब सोपा आहे. नुसतं टक वाजलं आणि हेडलाइट मंद झाले, तर बॅटरीकडून करंट कमी येतोय. स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क बघायचा. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केली की पेट्रोल पंपाची दोन सेकंद बारीक गुणगुण येते. ती आली नाही तर आधी फ्यूज तपासायचा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं.

आमच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी साचली होती. त्याने वायर काढली, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ब्रशने घासलं, कोरडं केलं, व्हॅसलीन लावलं. जोडताना निगेटिव्ह शेवटी. गाडी सुरू झाली. चालू इंजिनवर मीटरने १४ व्होल्ट दाखवले, म्हणजे अल्टरनेटर ठीक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बंद गाडीत बॅटरी ११.९ वर होती. चांगली भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास असते. आपल्या सोलापुरी उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते. नवीन बसवली, आणि मगच अकलूजला निघालो.

मी बी.कॉम. झालेली. जो खर्च देणं लागतो पण अजून दिलेला नाही, तो ताळेबंदात देण्याच्या बाजूला दाखवावाच लागतो. यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वर्षी गाडीची बरीच कामं मागे पडली होती. वहीत एक पान आखलं आणि सगळी थकबाकी मांडली. इंजिन ऑइल: गाडी कमी फिरली तरी वर्षाला बदलायचं. ब्रेक ऑइल: ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी. कूलंट, एअर फिल्टर, प्लग. टायमिंग बेल्ट: रबरी असतो, चालता चालता तुटला तर गाडी रस्त्यातच उभी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आमचे दोन टायर त्याहून जुने निघाले.

सगळं मिळून नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांएवढा खर्च आला. पण मी मुलांना एक रेषही आखून दिली आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनीच वाढते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. खालचा पत्रा गंजून कुजला किंवा ब्रेकची खात्री राहिली नाही, तर त्या दिवशी गाडी विकायची, भावनेत अडकायचं नाही.

तुमच्याही घरी अशी गाडी असेल तर रविवारी बॉनेट उघडा, तारखा वहीत लिहा आणि वही गाडीतच ठेवा. घरातलं म्हातारं माणूस मागच्या सीटवर बसतं, तेव्हा ती वही आपल्याला धीर देते.